संथ लय कुणाच्या वाट्याला?

बचत गटाच्या कामामुळे आम्ही एरवी तुमच्याशी कर्ज, हप्ता, शेळीपालन, शिलाई अशा गोष्टी बोलतो. आज गाण्याबद्दल बोलायचे ठरवले आहे. त्याला कारण झाले तुमचाच एक प्रश्न. रेडिओवर शास्त्रीय गायन लागले की गटातल्या बाया म्हणतात, "ताई, एवढं हळू काहून गाते ही बाई? एकच शब्द किती घोयते!" आणि कुणीतरी उठून बटन फिरवते.

प्रश्न खरा आहे, म्हणून तो हसण्यावारी नेला नाही. थोडे वाचले, जाणत्यांना विचारले, पुष्कळ ऐकले. तेव्हा लक्षात आले, की "एवढे हळू का" या प्रश्नाच्या पोटात आपल्या बायांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. तो आज सांगतो.

आधी गाण्याचीच ओळख करून घेऊ. आपण ज्याला "आ ऊ" म्हणतो त्या गाण्याचे नाव ख्याल. ख्याल गायचा म्हणजे बहुतेक वेळा एकाच रागातल्या दोन बंदिशी एकामागून एक गायच्या. पहिली संथ, तिला विलंबित किंवा बडा ख्याल म्हणतात. दुसरी जलद, ती द्रुत किंवा छोटा ख्याल. राग तोच राहतो. शब्द बदलतात, ताल बदलतो, चाल बदलते. बंदिशीचे शब्द चार-सहा ओळींचेच असतात. त्यांचा पहिला भाग स्थायी, तो खालच्या आणि मधल्या सुरांत फिरतो. दुसरा अंतरा, तो वरच्या सुरांकडे चढतो.

विलंबितात ताल इतका सावकाश चालतो, की बारा मात्रांचा एक फेरा पुरा व्हायला कधी कधी मिनिटभर लागते. त्या फेऱ्याला आवर्तन म्हणतात आणि त्याच्या पहिल्या मात्रेला सम. गाणारी बाई त्या मिनिटभरात एकेक सूर उलगडत जाते आणि बरोबर समेवर येऊन टेकते. पुढे द्रुत सुरू झाले, की सोळा मात्रांचा फेरा चार-पाच सेकंदांत संपतो. मग ताना येतात, तबला खुलतो, मान आपोआप डोलते.

हे आपल्याला अगदीच परके नाही. आपल्या भजनी मंडळात अभंग संथ सुरू होतो, मग टाळ वाढतात, खंजिरी तापते आणि शेवटी गजर होतो. फरक एवढाच, की भजनात एकच पद हळूहळू वेग घेते आणि ख्यालात संथ व जलद अशा दोन वेगळ्या बंदिशी असतात. घर बांधताना पाया आणि भिंती वेगळ्या, पण घर एकच, तसे हे.

आता इतिहासाकडे वळू. १९०५ साल घ्या. त्या वर्षी इंग्रज सरकारने आपला वाशीम जिल्हा मोडून अकोल्याला जोडला. तो परत स्वतंत्र व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. त्याच १९०५ च्या मे महिन्यात तिकडे मिरजेला एक मुलगी जन्मली. पुढे ती हिराबाई बडोदेकर म्हणून ओळखली गेली. तिच्याकडे आपण येणारच आहोत. त्याआधी तिच्या जन्माच्या वेळी गाण्याच्या जगात बायांची काय गत होती ते पाहू.

त्या काळी ख्याल गाणारे मोठे उस्ताद-बुवा संस्थानिकांच्या आश्रयाला असत, किंवा मुंबई-पुण्यात शिकवण्या करत. अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी होते. अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले. भास्करबुवा बखले पुण्या-मुंबईत नावाजले. त्यांनी गायलेल्या बंदिशींचे शब्द मात्र पाहा. पुष्कळ बंदिशींत बाईच बोलते. सासू जागी आहे, नणंद टोचून बोलते, पाण्याला जायचे आहे, नवरा परदेशी गेला आहे, पाऊस आला तरी तो आला नाही. भाषा ब्रज, पण दुखणे आपलेच. बाईचे हे बोलणे दरबारात मांडायचे ते बहुतेक पुरुष.

बाया गात नव्हत्या असे नाही. गोव्यातल्या देवळांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या आणि शहरातल्या गाणे हाच व्यवसाय असलेल्या घरांतल्या बाया उत्तम गात. त्यांचे गाणे ऐकायला मोठमोठे लोक जात, पण त्यांना घरी हळदी-कुंकवाला कुणी बोलावत नसे. आणि ज्या बायांना हळदी-कुंकवाचा मान होता, त्यांनी उंबऱ्याबाहेर आवाज काढायचा नव्हता. म्हणजे बायांचे दोन भाग पाडलेले. एकीला गळा मोकळा, पण मान नाही. दुसरीला मान, पण गळा बंद.

याच काळात मराठी संगीत नाटक भरात आले. १९११ मध्ये 'मानापमान' आले, त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. १९१६ मध्ये 'स्वयंवर' आले, त्याला भास्करबुवांचे संगीत. ख्यालाच्या बंदिशींवर बेतलेली पदे त्यामुळे सामान्य माणसाच्या कानावर पडली. 'स्वयंवर'ची रुक्मिणी गायची बालगंधर्वांनी. ते पुरुष, पण त्यांनी नेसलेले लुगडे आणि घातलेला खोपा पाहून घरंदाज बाया तसे करू लागल्या. बालगंधर्वांचे गाणे थोरच होते, त्याबद्दल वाद नाही. पण गंमत पाहा, बाईने कसे दिसावे, कसे गावे, हेही बायांनी पुरुषाकडे पाहून शिकायचे होते. खऱ्या बाईला त्या रंगमंचावर जागा नव्हती.

त्याच सुमारास एक यंत्र आले, ग्रामोफोन. १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्याला पहिली ध्वनिमुद्रणे झाली. त्यात गौहर जान ही नामांकित गायिका होती. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोराने गावे लागे. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत. तिथल्या कामगारांना गाणे कुणाचे ते कळावे म्हणून गौहर जान गाणे संपताच इंग्रजीत मोठ्याने सांगे, "माय नेम इज गौहर जान". आज माइकसमोर बसल्यावर स्वतःचे नाव सांगताना आपल्या कितीतरी बाया अडखळतात, आधी नवऱ्याचे नाव सांगतात. तेव्हा त्या बाईची आठवण ठेवण्यासारखी आहे.

मोठमोठे गवई या यंत्राला बिचकत होते. आवाज चोरीला जाईल, कुठल्याही हॉटेलात वाजेल, अशी त्यांना भीती होती. बाया मात्र पुढे झाल्या. त्यांना गमवायला फार काही नव्हते आणि कर्ण्याला जात-कूळ विचारायची सवय नव्हती. त्यांचा आवाज प्रथमच अशा घरांत पोचला, जिथे त्यांना स्वतःला पाय ठेवता आला नसता.

पण तबकडीची एक अट होती. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटेच गाणे मावायचे. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे काय करायचे? बहुतेकांनी संथ भाग आखडला किंवा सोडला. जलद बंदिश, चार ताना, संपले. लोकांनाही तेच आवडू लागले. विलंबित हे वेळ मागणारे गाणे. ज्याच्याकडे वेळ आहे आणि ज्याला ऐकणारे वेळ देतात, त्यालाच ते गाता येते. आमच्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे, बायांनो. बाईला गाऊ देणे ही एक गोष्ट झाली. तिला सावकाश गाऊ देणे ही त्याहून मोठी गोष्ट. ती ज्यांनी मिळवली त्यांतल्या तिघींची ओळख करून देतो.

पहिल्या केसरबाई केरकर. जन्म १८९२, गोव्यातल्या केरी गावी. लहानपणापासून गाणे शिकायची ओढ, पण शिक्षण तुकड्यातुकड्यांनी झाले. काही महिने अब्दुल करीम खाँकडे, काही काळ रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे, काही काळ भास्करबुवांकडे. गुरू गाव सोडून गेले की शिकणे थांबायचे. आपल्या पोरींची शाळा बदल्यांमुळे, स्थलांतरामुळे तुटते ना, तसेच. अखेर १९२१ मध्ये अल्लादिया खाँनी त्यांना गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्य केले. तेव्हा केसरबाई एकोणतीस वर्षांच्या होत्या. पूर्वीचे बरेच विसरून नव्याने सुरुवात करायची होती. त्यांनी ती केली. पुढे त्या अशा काही गायल्या, की मैफल कशी, कुठे आणि कुणासमोर करायची हे त्या स्वतः ठरवत. १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली, त्यांत पृथ्वीवरच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. त्या तबकडीत भारताचे एकच गाणे आहे, केसरबाईंची भैरवी. तीही साडेतीन मिनिटांचीच. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या.

दुसऱ्या मोगूबाई कुर्डीकर. जन्म १९०४, गोव्यातल्या कुर्डी गावी. आई लवकर गेली. लहानपणी नाटक कंपनीत कामे केली. सांगलीला असताना त्यांचा रियाज अल्लादिया खाँच्या कानावर पडला आणि त्यांनी आपणहून शिकवायला घेतले, असे सांगतात. पुढे त्यांचे पती लवकर वारले. तीन लेकरे पदरात. त्यांनी गाण्याच्या जोरावर घर चालवले, गावोगाव मैफलींना गेल्या, शिकवण्या केल्या. गायिका म्हणून आईला काय काय सोसावे लागले, हे त्यांची थोरली लेक किशोरी आमोणकर यांनी पुढे सांगितले आहे. एकटीने घर ओढणाऱ्या बाया आपल्या प्रत्येक गटात आहेत. त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मोगूबाईंनी घर ओढता ओढता रियाज सोडला नाही आणि लेकीला तो देऊन ठेवला. कुर्डी गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की गावाचे अवशेष वर येतात आणि जुने गावकरी तिथे जमतात.

तिसऱ्या हिराबाई, आपल्या १९०५ वाल्या. वडील अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. पुढे आई-वडील वेगळे झाले आणि ताराबाईंनी पाच मुले वाढवली. हिराबाई अब्दुल वहीद खाँकडे शिकल्या. हे गुरू संथ लयीत एकेक सुराची बढत करण्यासाठी प्रसिद्ध होते. म्हणजे हिराबाईंना शिक्षणच मिळाले ते विलंबिताचे. १९२० च्या दशकात त्या तिकीट लावून जाहीर मैफली करू लागल्या. बाई लोकांसमोर गाते म्हणजे हावभाव करणार, नखरे करणार, अशी लोकांची समजूत होती. हिराबाई शांत बसून, हातवारे न करता, डोळे गाण्यात ठेवून गायच्या. तिकीट सगळ्यांना सारखे होते. म्हणून त्या मैफलीला घरातल्या बायाही जाऊन बसू लागल्या. आधी जे गाणे यजमानाच्या दिवाणखान्यात पुरुषांपुढे व्हायचे, ते थिएटरात कुटुंबासमोर होऊ लागले. पुढे त्यांनी भावंडांसह संगीत नाटकेही केली आणि त्यात बायांची कामे बायांनीच केली.

हिराबाईंनी मैफलीची एक घडी बसवली. आधी संथ ख्याल, मग जलद, त्यानंतर ठुमरी, नाट्यपद, शेवटी भजन किंवा भैरवी. म्हणजे ज्याला विलंबित कळत नाही त्यालाही घरी जाताना काहीतरी सापडायचे. पण त्यासाठी त्यांनी विलंबित गाळले नाही. ऐकणाऱ्याला आवडीचे देईन, पण आधी माझा संथ सूर ऐका, असा तो व्यवहार होता. आपण गटात नव्या बाईला जसे आधी बचतीची सवय लावतो आणि मगच कर्जाचे बोलतो, तसा.

या तिघींमागून पुष्कळ जणी आल्या. कर्नाटकातल्या गंगूबाई हनगल, हिराबाईंच्या धाकट्या बहीण सरस्वतीबाई राणे, आणि मग मोगूबाईंच्या किशोरीताई. १६ जुलै १९४८ ला नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि विदर्भाच्या घरात हे आवाज येऊ लागले. तबकडीवर तीन मिनिटे मिळत होती, रेडिओवर अर्धा तास मिळू लागला. पण दार सगळ्यांना सारखे उघडले असे नाही. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत कोठ्यावर गाणाऱ्या बायांना रेडिओवर घ्यायचे नाही, असे धोरण आले होते. ज्या बायांनी हे गाणे जपले, त्यांनाच बाहेर ठेवले गेले. हेही इतिहासात आहे, आणि बाईंनीच बाईला "तसली" म्हणण्याआधी ते आठवावे.

आता आपल्याकडे या. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसायच्या. दळताना ओवी गायच्या. त्या ओवीची लय संथ असे, कारण जड दगड फिरवायचा असे. जाते पुन्हा यावे असे आम्ही अजिबात म्हणत नाही. हाताला घट्टे पडायचे, छातीत कळ यायची. गिरणी आली ते चांगलेच झाले. पण जात्याबरोबर पहाटेचा तो तासही गेला, ज्यात बाई स्वतःशी, मैत्रिणीशी, विठोबाशी सावकाश बोलायची. गिरणीने जो वेळ वाचवला तो आपल्याला मिळाला का? तो डबे, नळाची पाळी, पोरांची शाळा, शेतातली मजुरी यांत गेला. आपला सगळा दिवस द्रुत लयीत चालतो. सोयाबीन सोंगायला गेलो की ओळीला ओळ लावून पळायचे. घरी आलो की चूल. रात्री आडवे पडलो की सम.

आणि गावात काय होते? सप्त्याला, जयंतीला, गणपतीत कार्यक्रम असतो. पुरुषांची मंडळे रात्री नऊला सुरू होतात आणि बाराच्या पुढे गातात. महिला भजनी मंडळाला शेवटी दहा मिनिटे मिळतात, तीही "लवकर आटपा" असे सांगून. एका गावात आमच्या बाया महिनाभर तयारी करून गेल्या होत्या. संथ चालीचा अभंग बसवला होता. ऐनवेळी सांगितले, वेळ नाही, एक गजर म्हणा आणि बसा. त्यांनी गजर म्हटला. टाळ्याही मिळाल्या. पण परत येताना ऑटोत कुणी बोलत नव्हते. त्या दिवशी आम्हाला तीन मिनिटांची तबकडी कळली.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. कार्यक्रमात बायांना जागा द्या, एवढे म्हणून थांबू नका. किती वेळ, हे विचारा. ग्रामसभेत बोलायला उभे राहिलो तर आपले म्हणणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडू द्या, असे म्हणा. महिला भजनी मंडळाला पुरुषांएवढाच वेळ आणि पहिल्या दोन तासांतला वेळ, असे कार्यक्रम ठरतानाच लिहून घ्या. बचत गटाचे ठराव आपण वहीत लिहितो. हाही एक ठराव लिहा.

दुसरी गोष्ट या रेडिओची. २००६ मध्ये सरकारने धोरण बदलले आणि सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी मिळाली. त्यातून सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशीच्या बायांचे केंद्र सुरू झाले. गौहर जानला तीन मिनिटे होती, आपल्याला एवढी घाई नाही. तुमच्या घरात ओव्या येणारी आजी असेल, भुलाबाईची जुनी गाणी पाठ असलेली मावशी असेल, तांड्यावर होळीची लेंगी गाणारी याडी असेल, तर त्यांना केंद्रावर घेऊन या. येणे जमत नसेल तर मोबाइलवर त्यांचा आवाज भरून घ्या. मध्येच "आता पुरे" म्हणू नका. आजी थांबली, आठवू लागली, तरी फोन बंद करू नका. पुढची ओवी तेवढ्यातच सापडते. आणि सुरुवातीला तिचे स्वतःचे नाव तिच्याच तोंडून घ्या.

तिसरी गोष्ट ऐकण्याची. गटाची मासिक बैठक झाली, वह्या मिटल्या, की वीस मिनिटे कुणीही उठायचे नाही. हिराबाई, मोगूबाई किंवा केसरबाई, कुणाचाही एक ख्याल फोनवर लावा. शब्द कळले नाहीत तरी चालेल. पहिल्यांदा फक्त तबल्याकडे कान द्या. बाई गात गात कुठे जाते ते बघू नका, परत कुठे येते ते बघा. ज्या जागी तबला आणि शब्द एकत्र पडतात, तिथे मांडीवर हलकेच हात ठेवा. ती सम. पहिल्या वेळी चुकेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी हात आपोआप बरोबर पडेल. मग जलद बंदिश सुरू होईल, तेव्हा कळेल की तो वेग इतका गोड का लागतो. आधी थांबलो होतो म्हणून.

ही वीस मिनिटे घरी कोण सांभाळणार, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. तो बैठकीतच सोडवा. एका महिन्यात चौघी जणी बाकीच्यांची लेकरे बघतील, पुढच्या महिन्यात दुसऱ्या चौघी. घरी सांगून या, आज भाकरी वीस मिनिटे उशिरा होईल. पुढच्या महिन्यात किती गटांनी हे केले आणि कुणाचा हात समेवर पडला, ते आम्हाला केंद्रावर कळवा. ते आम्ही याच वेळी, सावकाश, वाचून दाखवू.